मौन अध्यापन पद्धतीचा मी लावलेला शोध

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

आजपासून मी तंत्रस्नेही शिक्षक आहे. शनिवारपर्यंत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर आजही नाही, पण तसं वर कळवून झालंय.

केंद्रप्रमुख साहेबांचा सकाळी फोन आला. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असं साहित्य इंटरनेटवरून शोधायचं, पारखायचं आणि डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांपुढे मांडायचं. मी म्हणालो, साहेब, मला अजून आलेला फोन नीट कट करता येत नाही. ते म्हणाले, मागच्या परिषदेत बंद पडलेला प्रोजेक्टर तुम्हीच सुरू केला होता की. केला होता. भिंतीवरचं बटण बंद होतं, ते मी दाबलं. एका बटणावर माणसाचं नाव होतं ते असं.

म्हणून ही डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, तीही मागच्या वर्षीची. वार खोडून लिहावे लागतात. पण मोठ्या कामाची नोंद असावी.

आमची शाळा खर्ड्याच्या अलीकडच्या वस्तीवर. दोन खोल्या, दोन शिक्षक. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी मोनिका मॅडमकडे. मॅडम नवीन आहेत, कमी बोलतात. व्हरांड्यात एक फरशी फुटलीय, तिला तीन कोपरे आलेत आणि मी रोज तिच्यावर ठेचकाळतो. आजही ठेचकाळलो, तंत्रस्नेही झालो तरी.

दुपारी सूर्यभान आला. याचा टेम्पो आहे, सुप्याच्या कारखान्यांत माल पोचवतो. पार्थ आणि दिशा ही त्याची दोन पोरं आमच्याकडे. म्हणाला, "गुरजी, जूनपासून पोरं जामखेडला घालायचा इचार हाय. पिवळी बस दारात येती. तिकडं समदं डिजिटल हाय म्हनं."

ही दोन पोरं गेली की आमचा पट विसाच्या आत येतो. पट इतका उतरला की दुसरा शिक्षक काढून घेतात असं सगळीकडे ऐकू येतंय. म्हणजे मोनिका मॅडम जाणार. बिचाऱ्यांना याची कल्पनाही नसावी. मी सूर्यभानला म्हणालो, "२६ जानेवारीपर्यंत थांबा. आपली शाळा डिजिटल करून दाखवतो." तो हसला. मीही हसलो असतो, पण मला पदाचं भान होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शोधकार्य सुरू. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून खुर्ची तिकडे नेली. शाळेचा टॅब मॅडम वापरतात, म्हणून माझाच मोबाईल घेतला.

'तिसरी वजाबाकी' असं टाकलं. पहिल्या व्हिडिओत एक तरुण तीन मिनिटं 'नमस्कार मित्रांनो' म्हणत होता आणि घंटी दाबायला सांगत होता. मी दाबली. तेव्हापासून माझा मोबाईल दिवसभर वाजतोय. दुसरा हिंदीत निघाला. तिसऱ्यात एक कार्टूनचा ससा इतक्या जोरात गात होता की शेजारच्या शेतातली बाई खुरपं टाकून बघायला आली.

मी टाकीजवळ असताना माझा वर्ग मॅडमच्या खोलीत बसला होता. चारही वर्ग एकत्र, पण आवाज नव्हता. मुलांना शिस्त चांगली लावलीय मी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शिक्षकांच्या ग्रुपवर आत्तापर्यंत बऱ्याच लिंका टाकल्या. प्रत्येकीखाली 'खूप छान सर' आणि अंगठे. संध्याकाळी पाहिलं तर त्यातली एक लिंक पंप-मोटार दुरुस्तीची होती. तिलाही 'अतिशय उपयुक्त' असं सात जणांनी लिहिलंय.

मधल्या सुट्टीत मॅडम म्हणाल्या, "सर, पंकजाचं काय करायचं? वजाबाकी अर्धीच राहिलीय तिची."

पंकजा माझ्याच वर्गातली. आईबाप ऊस तोडायला सांगलीकडे गेले, तिलाही घेऊन गेले. दोघांनाही अक्षर येत नाही, दाखल्यावर अंगठे आहेत. पोरगी शेळीसाठी रडत गेली म्हणे. एक शिंग मोडलेली शेळी आहे तिची, चिंगी नावाची. शेजाऱ्यांकडे ठेवलीय.

मी म्हणालो, "मार्च-एप्रिलात आली की बघू. मी सध्या केंद्राचं काम पाहतोय."

मॅडम बरं म्हणाल्या. त्यांना कामाचा आवाका लक्षात येत नाही अजून.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सापडलं. आज मला पेढे वाटावेसे वाटले.

मोबाईलची बॅटरी संपली म्हणून मॅडमचा टॅब घेतला, उघडला, तर पहिल्याच पानावर आपोआप एक व्हिडिओ समोर आला. यंत्राला माझी आवड कळू लागलीय. वर नाव नाही, गाव नाही. चेहरा नाही. आवाज तर अजिबात नाही. फक्त दोन हात. आधी खडूने फरशीवर एक शेळी काढतात, मग वजाबाकी. उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या, दहा-दहा कांड्या बांधून ठेवलेल्या. बेचाळीसमधून सतरा काढायचे. सुट्या दोनच कांड्या आहेत. हात क्षणभर थांबतात. मग खडूने फक्त दोन शब्द लिहितात: 'मोळी सोड.' एक मोळी सुटते, दहा कांड्या मोकळ्या होतात, सतरा बाजूला जातात. संपलं. दीड मिनिट.

हातचा म्हणजे काय हे इतकी वर्षं मी ओरडून सांगतोय. इथे कुणी तोंडही उघडलं नाही आणि मलाच नव्याने समजलं.

पुस्तकात गठ्ठे म्हणतात, हे मोळी का म्हणतात ते कळलं नाही. शेळी बहुधा त्यांचा लोगो आहे. आणि गंमत म्हणजे त्यांचीही फरशी फुटकी आहे, अगदी तीन कोपऱ्यांची. महाराष्ट्रभर शाळा बांधायला एकच ठेकेदार असावा.

मंगळवार, २ डिसेंबर

वर्गात व्हिडिओ दाखवला. पोरं आधी गप्प, मग एकमेकांना कोपराने ढोसायला लागली, मग खुदुखुदू हसायला लागली. आनंददायी शिक्षण म्हणतात ते हेच.

पार्थ उभा राहिला. "सर, ही तर पंकजाची शेळी हाय. शिंग बघा की."

मी म्हणालो, "शेळ्या सगळ्या सारख्याच असतात. गणिताकडे बघ."

"अन् सर, त्ये हात—"

"हाताकडे नाही, कांड्यांकडे बघायचं." अवांतर बोलण्याची सवय फार या पोराला. पण नंतर फळ्यावर गणित दिलं तर पठ्ठ्याने 'मोळी सोडली' असं मोठ्याने म्हणत बरोबर सोडवलं.

मॅडम दारात उभ्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं, म्हटलं, "बघा मॅडम, शिकवणं असं असतं. एक शब्द वाया नाही."

त्या म्हणाल्या, "सर, ते व्हिडिओ मी—"

"आधी सगळे बघा, शंका मग विचारा," मी म्हणालो. नवीन माणसाला लगेच बोलायची घाई असते. त्यांनी ओठ दाबून मान डोलावली.

बुधवार, १० डिसेंबर

शिक्षण परिषद गाजवली.

व्हिडिओ दाखवायच्या आधी काहीतरी शास्त्रीय बोलायला हवं होतं. व्हिडिओत आवाज का नाही, यावर मी आठवडाभर चिंतन केलंय. सांगितलं की ही 'मौन अध्यापन पद्धती' आहे. शिक्षकाचा आवाज हा विद्यार्थी आणि ज्ञान यांच्या मधला अडसर असतो. तो काढला की एकाग्रता वाढते. प्रगत देशांत यावर बरंच काम चालू असावं, असंही म्हणालो. 'असावं' हा शब्द मी हळू उच्चारला.

नेमका तेव्हाच मोनिका मॅडमना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाणी प्यायला बाहेर गेल्या त्या माझं भाषण संपेपर्यंत आल्याच नाहीत. महत्त्वाचा भाग चुकला त्यांचा.

साहेब खूश. दर बुधवारी सगळ्या शाळांनी एक 'मौन तासिका' घ्यावी असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

गुरुवार, १८ डिसेंबर

मौन तासिकेचे अहवाल येताहेत. एका शाळेत गुरुजी गप्प झाल्यावर पोरांना वाटलं शाळा सुटली, ती शेजारच्या तुरीत शेंगा खायला गेली. दुसरीकडे पालक धावत आले, गुरुजींच्या अंगावरून वारं गेलं की काय म्हणून. एका मॅडमनी मात्र लिहिलंय की नोकरी लागल्यापासून इतका शांत तास मिळाला नव्हता, पद्धत कायम ठेवावी.

आमच्या घरी पुष्पावतीला व्हिडिओ दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा पाहिला. म्हणाली, "अहो, हे हात मी कुठंतरी बघितलेत. हळदीकुंकवाला."

म्हटलं, हळदीकुंकवाला सगळ्या बायका हातच पुढे करतात. ती 'हं' म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिचं ते 'हं' मला कधीच आवडलेलं नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

एक कल्पना सुचली. या गुरूंना २६ जानेवारीला आपल्या शाळेत बोलवायचं. सूर्यभानसकट सगळे पालक तेव्हा येतात. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, प्रात्यक्षिक करून घ्यायचं. पिवळ्या बसमधून असा माणूस उतरत नाही हे त्याला दिसलं पाहिजे.

व्हिडिओखाली लिहायची सोय असते. तिथे लिहिलं: 'आदरणीय गुरुवर्य, आपले अध्यापन पाहून धन्य झालो. २६ जानेवारीस आमच्या शाळेत येऊन मार्गदर्शन कराल का? आमच्या सहशिक्षिका नवीन व अननुभवी असून त्यांना आपल्या मार्गदर्शनाची नितांत गरज आहे. आपला, बिभीषण सर.' खाली शाळेचा पत्ता दिला.

मॅडमचा उल्लेख करताना थोडं वाईट वाटलं. पण त्यांच्याच नोकरीसाठी चाललंय हे सगळं.

सोमवार, २९ डिसेंबर

उत्तर आलं. 'येईन सर. झेंडावंदनानंतर चालेल. मला काही फार लांब नाही.'

किती साधेपणा. मॅडमना बातमी सांगितली तर म्हणाल्या, "हो का? मग रांगोळी मीच काढते." उत्साह दाखवतात हे बरं आहे.

सोमवार, १२ जानेवारी २०२६

नव्या व्हिडिओत शेळीशेजारी दोन करडं काढलीत. लोगो बदललेला दिसतो. एकीकडे पार्थने आज शाळेत सांगितलं की चिंगी व्यालीय, दोन झालीत. मी म्हटलं, गणित काढ.

सूर्यभानचा आज निरोप आला. बसवाल्याला महिनाअखेर सांगायचं आहे, तर २६ तारखेला बघतो आणि ठरवतो. पाहुणे आले नाहीत तर?

रविवार, २५ जानेवारी

शाल घेतली, नारळ घेतला. खर्ड्याच्या बाजारातून गुलाबाचं फूल आणलं, ते पुष्पावतीने पाण्यात ठेवलंय. फलकावर काय लिहायचं हा प्रश्न पडला, कारण पाहुण्यांचं नाव माहीत नाही. 'मौन गुरुवर्यांचे स्वागत' असं लिहून घेतलं.

सोमवार, २६ जानेवारी

सगळं लिहितो. लाज वाटतेय, पण डायरीपासून काय लपवायचं.

झेंडावंदन झालं. पालक सतरंजीवर, साहेब खुर्चीत, शेजारी एक खुर्ची पाहुण्यांसाठी मोकळी. मी रस्त्याकडे बघत बोलत होतो. मौन पद्धतीवर बोलून झालं, प्रजासत्ताकावर बोलून झालं, शेवटी पटसंख्येवरही बोललो. रस्त्याने एक मोटारसायकल आली, ती दूधवाल्याची निघाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सूर्यभान चप्पल शोधायला लागला.

मग मोनिका मॅडम उठल्या. हाताला रांगोळी तशीच होती. त्या सरळ येऊन मोकळ्या खुर्चीत बसल्या.

मी हळूच म्हणालो, "मॅडम, ती पाहुण्यांची आहे."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच बसले सर."

पोरं इतकी हसली की पताका हलल्या. पार्थ उभा राहून ओरडला, "म्या कवाच सांगितलं हुतं!" आणि मी त्या रांगोळीने माखलेल्या हातांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग फुटक्या फरशीकडे. तिच्यावर खडूची अर्धी पुसलेली शेळी अजून दिसत होती. रोज तिच्यावरून ठेचकाळणारा मी.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, पण ही मौन पद्धती तुम्हाला सुचली कशी?"

"पद्धत कसली साहेब. पंकजाच्या वडिलांच्या मोबाईलचा स्पीकर फुटलाय. ऐकू येत नाही काही. म्हणून लिहून आणि करून दाखवते. रिचार्ज पण थोडाच असतो त्यांचा, म्हणून दीड मिनिट." मग थांबून म्हणाल्या, "तिला गठ्ठा कळत नव्हता. मोळी कळते. ती दिवसभर तेच बघते ना. आणि आधी शेळी काढली नाही तर ती पुढचं बघत नाही."

माझ्या वर्गातली पोरगी. मी तिला मार्चवर ढकलून टाकीजवळ बसलो होतो, जगभरातलं उपयोगी साहित्य शोधत. त्या काळात माझा वर्ग सांभाळून यांनी हे केलं होतं, आणि मी त्यांना अननुभवी लिहिलं होतं, तेही त्यांच्याच व्हिडिओखाली. ते आठवलं आणि माझे कान तापले.

शाल माझ्या हातात होती. मी ती त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला आणि माईकवरून म्हणालो, "माफ करा मॅडम." गेल्या दोन महिन्यांतलं माझं सगळ्यात छोटं भाषण. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

पुष्पावती पुढच्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तरी घरी येताना म्हणालीच, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." एवढंच. पण तेवढ्यासाठी तिने महिनाभर तोंड मिटून ठेवलं होतं, हीदेखील मौन पद्धतीच.

जाताना सूर्यभान फरशीपाशी थांबला. म्हणाला, "गुरजी, ह्या मॅडम जूनमधी हितंच हायेत का?"

मी म्हणालो, "ते तुमच्यावर आहे. तुमची पोरं गेली की पट उतरतो. मग मॅडम राहत नाहीत."

त्याने वाकून शेळी पाहिली. "नजरंआड गेलेल्या पोरीमागं जी बाई एवढी लागती, ती डोळ्याम्होरल्या आमच्या पोरांस्नी काय सोडती व्हय?" असं म्हणून त्याने खिशातून मोबाईल काढला. बसवाल्याला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "न्हाई, आमची पोरं न्हाईत यायची."

शनिवार, ३१ जानेवारी

साहेबांचा फोन. मौन तासिका स्थगित. तंत्रस्नेही म्हणून मोनिका मॅडमचं नाव कळवलंय. मी म्हणालो, फार योग्य. फोन कट करताना यावेळी बरोबर बटण दाबलं.

मॅडमना विचारलं, "पंकजा माझ्या वर्गातली आहे. एक व्हिडिओ मी काढू का?"

त्यांनी माझ्याकडे जरा बारीक डोळ्यांनी पाहिलं, मग खडू हातात दिला.

बुधवार, ४ फेब्रुवारी

काढला. माझे केसाळ हात, मॅडमचा खडू. त्रेपन्नमधून सव्वीस. मध्येच तीनदा बोललो, मग आठवलं की ऐकायला कुणी नाही. शेळीही काढली. मॅडमनी टॅब धरला होता, तो हलत होता, कारण त्या हसत होत्या.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज व्हिडिओखाली लिहिलेलं आलं. आत्तापर्यंत या सगळ्या व्हिडिओंखाली फक्त माझं ते गुरुवर्यांना लिहिलेलं पत्र आणि त्याचं उत्तर होतं.

'सर ही म्हैस आहे का. मोळी सोडायची राहीली. सहातून तीन काढले तुम्ही. उत्तर सत्तावीस'

मी काढलं होतं तेहतीस. तपासून पाहिलं. तिचं बरोबर आहे.

मॅडमना दाखवायला धावत गेलो आणि फरशीवर ठेचकाळलो. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभ्या राहिल्या. त्या घरात अक्षर येणारं दुसरं कुणी नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

दुपारी पुन्हा वजाबाकी केली. मोळी सोडली. शेळी मॅडमकडून काढून घेतली, दोन्ही करडांसकट.